बर्फातल्या जेवणाला बंदगळा

गुलमर्गला स्कीइंगसाठी गेलो असताना रात्रीच्या जेवणाला मी डाळिंबी रंगाचा बंदगळा कोट आणि जरीची मोजडी घालून गेलो.

तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट जिला विचारलं होतं तिनं स्वच्छ मराठीत सांगितलं होतं, की काहीही घाल. पण तिच्या ‘काहीही घाल’वर विश्वास ठेवून मी आधी एकदा तोंडावर आपटलो होतो. शहाणा माणूस एका चुकीतून एक धडा शिकतो. मी एका चुकीतून दुसरी चूक शिकतो.

मी मूळचा अकोल्याचा. आमच्याकडे कपडे हा अंग झाकण्यापुरता विषय, आणि मे महिन्यात तेवढाही नकोसा वाटतो. नोकरी लागली म्हणून जयपूरला आलो, शास्त्री नगरात एका घराच्या गच्चीवरची खोली घेतली, आणि पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या एकाच्या लग्नाला इस्त्रीचा शर्ट आणि पॅन्ट घालून गेलो. तिथं पाणी वाटणाऱ्यांनीसुद्धा साफे बांधले होते. नवरदेवाच्या काकांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि फार प्रेमानं विचारलं, की जनरेटरमधलं डिझेल वरात निघेपर्यंत पुरेल ना. मी पुरेल म्हणालो. त्यांना उगाच काळजी कशाला. तेव्हापासून एक मात्र पक्कं कळलं: जयपुरात माणूस कमी नटलेला असू शकतो, जास्त नटलेला असूच शकत नाही.

दुसरा धडा तिच्या बाबांनी दिला. ती म्हणजे माझ्याच ऑफिसात काम करणारी एक मुलगी. आमचं लग्न करायचं ठरलं होतं. म्हणजे आमचं दोघांचं ठरलं होतं, तिच्या बाबांचं ठरायचं होतं. बाबा लष्करात कर्नल, मूळचे साताऱ्याकडचे, बदली होऊन जयपूरच्या छावणीत आलेले. ती जन्मभर अशा छावण्यांमधून वाढल्यामुळे तिचं मराठी दर तिसऱ्या वाक्याला हिंदीच्या गल्लीत शिरून येतं.

बाबांनी मला पहिल्यांदा भेटायला बोलावलं ते थेट त्यांच्या ऑफिसर्स मेसमध्ये, जेवायला. मी तिला विचारलं, काय घालू. ती म्हणाली, काहीही घाल, मतलब, नॉर्मल. आता माझ्या दृष्टीनं नॉर्मल म्हणजे गोल गळ्याचा टी-शर्ट, त्यातल्या त्यात नवा, आणि सँडल. मेसच्या दारातल्या हवालदारानं मला अत्यंत आदबीनं अडवलं. आत जायला शर्टाला कॉलर हवी आणि पायात बंद बूट हवेत, हा तिथला नियम. देवळात चपला काढतात तसा इथं उलटा प्रकार. कर्नलसाहेब बाहेर आले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घरून स्वतःचा शर्ट आणि बूट मागवले. त्या शर्टात मी आरामात दोनदा मावलो असतो. बाह्या बोटांच्या पुढे येत होत्या, आणि बुटांचं असं होतं की मी चालायला लागलो की ते थोड्या वेळानं निघायचे.

तशा अवतारात मी टेबलाशी बसलो आणि कर्नलसाहेब जे म्हणतील त्याला हो म्हणत सुटलो. कारलं आवडतं का? हो सर. मग अजून घे. हो सर. सकाळी पळायला जातोस का? हो सर. मग रविवारी पहाटे ये, बरोबर पळू. हो सर. त्या रविवारनंतर मी कित्येक दिवस गच्चीवरच्या माझ्या खोलीकडे जिन्याच्या कठड्याला धरून, पाठमोरा, एकेक पायरी करून चढत होतो. घरमालकीणबाईंना वाटलं मी कसला तरी नवस फेडतोय.

या सगळ्याचा निकाल तिनं मला ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगितला. बाबा म्हणाले होते, मुलगा वाईट नाही. कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे. पण तो मला कशालाच नाही म्हणत नाही. अशा माणसाला पाठीचा कणा आहे की नाही, हे कळायचं कसं? आणि ते कळेपर्यंत ते अकोल्याला माझ्या घरी फोन करणार नव्हते.

इकडे अकोल्यात माझ्या आईनं, मिल्ट्रीवाल्यांचा फोन येणार आहे, असं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलेलं. मोबाइल चार्जिंगला लावून ती त्याच्यासमोर बसायची. दूधवाल्याचा फोन आला तरी पदर सावरून उचलायची.

मग हिवाळ्यात कर्नलसाहेबांनी फर्मान काढलं. तरुणपणी लष्करातच ते स्कीइंग शिकले होते आणि जमेल त्या वर्षी घरच्यांना घेऊन बर्फात जायचे. या वर्षी त्यालाही घ्या, म्हणाले, डोंगरावर माणूस कळतो. माणूस म्हणजे मी.

ती माझ्या टेबलाशी आली, खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “हे बघ. तिथं एकदा, फक्त एकदा, बाबांना मना कर.”

“कशाला मना करू?”

“कशालाही. चहाला कर. पण मना कर.”

“हो.”

“बघ. मलासुद्धा लगेच हो म्हणालास.”

मी विषय बदलला आणि विचारलं, की तिकडे रात्री जेवायला काय घालतात. ती म्हणाली, काहीही घाल, दिवसभर बर्फात पडून आल्यावर कोण कुणाकडे बघतंय. पुन्हा तेच शब्द. माझ्या डोळ्यांसमोर कर्नलसाहेबांचे ते बूट उभे राहिले. मी मनात म्हटलं, बाई, एकदा फसलो, आता नाही. त्या रात्री मोबाइलवर परदेशातल्या बर्फाळ हॉटेलांचे फोटो शोधून बघितले. सगळीकडे शेकोटी, हातात उंच पेले, पुरुष काळ्या कोटात आणि बायका मखमलीत. ते फोटो हॉटेलवाल्यांनी जाहिरातीसाठी माणसं उभी करून काढलेले असतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की या वेळी दारात कुणी अडवायला नको.

जुन्या शहरातल्या एका शिंप्याकडे गेलो. त्यानं माप घेता घेता विचारलं, शादी किसकी है. मी म्हटलं शादी नाही, बर्फात जायचंय, तिथल्या जेवणासाठी हवाय. त्यानं टेप गळ्यात टाकली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, बर्फ असेल तर अस्तराच्या आत रुईचा, म्हणजे कापसाचा, थर घालू, आपल्या जयपुरी रजईत असतो तसा. हलका होईल, गरम होईल, तुम्ही मला दुआ द्याल. मी अर्थातच त्यालाही हो म्हणालो. आमेरच्या रस्त्यावरच्या दुकानातून मोजडी घेतली. वर जरीचं काम, खाली गुळगुळीत चामड्याचा तळ. कोट घरी आणून आरशासमोर घातला, तर मी कोट घातल्यासारखं दिसत नव्हतं. पाहुणा आला म्हणून रजई उठून उभी राहिल्यासारखं दिसत होतं. पण रंग सुंदर होता. माणसानं स्वतःची समजूत घालायची ठरवली की तो रंगावर येतो.

निघायच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. “बर्फ पाह्यासाठी एवढ्या दूर कायले जातं रे? फ्रिज उघडून पाय ना.” मी म्हटलं, आई, बर्फासाठी नाही, फोनसाठी चाललोय. ती लगेच म्हणाली, मंग जाय.

गुलमर्गला पहिल्या दिवशी काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातला बराच वेळ मी आडवा होतो. पायाला त्या लांब पट्ट्या बांधल्यावर मी पहिल्यांदा पडलो तो उभा असताना पडलो. चालताना पडणं समजू शकतो. मी जागच्या जागी, काहीही न करता, शेजारच्या माणसाशी बोलत असताना पडलो. शिकवणारा म्हणाला, पहिल्या दिवशी होतं असं. मग शेजारचा माणूसही पडला, पण तो मी त्याला धरल्यामुळे. कर्नलसाहेब मात्र गरम तव्यावरून तूप सरकावं तसे उतारावरून येत होते. दर खेपेला माझ्यापाशी थांबायचे, वरून खाली बघायचे.

“बरं वाटतंय?”

“हो सर.”

“अजून एक फेरी?”

“हो सर.”

ती लांबून बघत होती. दर ‘हो सर’ला ती मान हलवायची आणि काठी बर्फात खुपसायची. काकू, म्हणजे तिची आई, उन्हात खुर्ची टाकून काहवा पीत बसल्या होत्या. त्यांना स्कीइंगमध्ये गोडी नव्हती. त्या फक्त पडणाऱ्यांकडे बघायच्या, आणि त्या दिवशी त्यांना दुसरीकडे बघायची गरज पडली नाही.

संध्याकाळी खोलीवर आलो तेव्हा अंगावरचं सगळं पिळून वाळत टाकण्याच्या लायकीचं झालं होतं. पण मन खचलं नव्हतं. दिवस गेला तर गेला, जेवण बाकी होतं. जेवताना मी एकदा नाही म्हणणार होतो. खीर नको, भात नको, काहीतरी नको म्हणणार होतो. आणि ते म्हणताना अंगावर असा पोशाख असणार होता, की नकाराला वजन यावं. गरम पाण्यानं आंघोळ केली, बंदगळा चढवला, मोजडी घातली आणि निघालो.

आमच्या खोल्या वरच्या अंगाला लाकडी घरांत होत्या आणि जेवणघर थोडं खाली. मधली पायवाट दिवसभर लोकांनी तुडवलेली, आणि ऊन गेल्यावर गोठून काचेसारखी झालेली. मी तिच्यावर मोजडी ठेवली. दिवसभर भाड्याच्या महागड्या पट्ट्यांवर जे जमलं नव्हतं ते दुसऱ्या क्षणी जमलं. मी सरळ, ताठ, दोन्ही पाय जुळवून, उत्तम वेगानं घसरत निघालो. वाटेत एक कुत्रं बसलं होतं, त्यानं उठून मला वाट दिली. जेवणघराचं दार आतून कुणीतरी वेळेवर उघडलं, नाहीतर मी ते घेऊनच आत गेलो असतो. आत सुपाच्या टेबलाला धरून थांबलो.

मग मी जेवणघर नीट पाहिलं.

मधोमध लोखंडी बुखारी पेटलेली, लाकडं जाळायची ती तिकडची शेगडी. तिच्याभोवती सगळे पायजम्यात. जाड लोकरी मोजे, हेल्मेट काढल्यामुळे चपटे झालेले केस, ढगळ स्वेटर, एक बाई तर खोलीतलं ब्लँकेटच पांघरून आल्या होत्या आणि त्यातून फक्त चमचा बाहेर यायचा. अख्ख्या त्या खोलीत बंदगळा घातलेली माणसं फक्त भिंतीशी उभी होती. चौघेपाचजण. वाढपी. रंग डाळिंबी.

शपथेवर सांगतो, रंगात उन्नीस-बीसचाही फरक नव्हता. त्यांच्यातल्या वयस्कर वाढप्यानं मला नीट निरखलं. मोजडीपाशी त्याची नजर थांबली, आणि हा बहुधा मालकांकडचा कुणी मोठा आलाय असं समजून त्यानं मला हळूच सलाम केला.

कर्नलसाहेब बुखारीजवळच्या टेबलाशी बसले होते. ट्रॅकसूट, डोक्यावर माकडटोपी. चष्म्यावर वाफ धरली म्हणून तो काढून टेबलावर ठेवलेला. शेजारी शालीत काकू. ती अजून आली नव्हती. मी जवळ गेलो आणि त्यांच्यासमोर नेहमी उभा राहतो तसा उभा राहिलो: हात मागे बांधून, किंचित वाकून, बस म्हणायची वाट बघत.

साहेबांनी मान वर न करता मला सांगितलं, “भैया, गरम पानी लाना.”

इथं कणा असलेला माणूस म्हणतो, सर, मी आहे. तेवढेच तीन शब्द. मी म्हणालो, “जी सर.”

आणि गेलो. वाटेत एका कुटुंबानं मला थांबवून दोन रोट्या सांगितल्या, त्या मी त्या वयस्कर वाढप्याला कळवल्या. पाणी आणलं. साहेबांनी घोट घेतला आणि सुपात मीठ कमी असल्याचं हिंदीत कळवलं. मी मीठ आणलं. काकू शालीच्या वरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला ओळखलं होतं. दारातून घसरत आत आलो तेव्हाच ओळखलं होतं, हे पुढे त्यांनीच सांगितलं. त्या वेळी मात्र त्यांनी चेहऱ्यावरची रेष न हलवता विचारलं, “भैया, पापड़ है क्या?”

आणि मी पापड आणायला गेलोसुद्धा.

पापडांची बशी घेऊन परत येतोय तोवर ती दारातून आत आली. अंगात रंग उडालेला स्वेटशर्ट, केस टॉवेलात. तिनं मला पाहिलं, बशी पाहिली आणि भर जेवणघरात विचारलं, “तू कुणाचे पापड घेऊन चाललायस?”

साहेबांनी चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर लावला. मग त्यांनी काकूंना विचारलं, हा केव्हा आला. काकू म्हणाल्या, तुमचं पाणी यानंच आणलं. मीठपण.

“मग बोलला का नाहीस?” साहेब मला म्हणाले.

“तुम्हाला पाणी हवं होतं, सर.”

मला वाटलं, हे उत्तर बरं आहे. त्यात नम्रता आहे, सेवाभाव आहे. साहेबांनी चमचा खाली ठेवला. एखाद्या डॉक्टरला सुरुवातीपासून जो संशय असतो तोच रिपोर्टात निघावा, तसा त्यांचा चेहरा झाला. बस, एवढंच म्हणाले. मी बसलो. ती माझ्या शेजारी बसली, पण माझ्याकडे न बघता. रोटीचा तुकडा मोडत पुटपुटली, आता मना करायला काही शिल्लक ठेवलंयस का. तिचा आवाज रागाचा असता तर मला चाललं असतं. तो दमलेला होता. मला एकदम अकोल्याचा तो चार्जिंगला लावलेला मोबाइल दिसला.

खीर आली. माझा नकार तयार होता. पण साहेबांनी मला विचारलंच नाही. ज्याला ओळखूनच झालंय त्याला कोण काय विचारणार.

एवढ्यात त्या रुईनं आपलं काम सुरू केलं. माझी पाठ बुखारीकडे होती. आधी मान भिजली, मग कानांच्या मागून ओघळ सुरू झाले, मग नाकाच्या शेंड्यावर एक थेंब जमायचा, मी तो पुसायचा, पुन्हा जमायचा. गळ्याचा हुक मला आवळत होता. वाढपी येऊन पाणी ओतून गेला, त्याच्या नजरेत सहानुभूती होती; त्याचा कोट साधा होता.

शेवटी साहेबांनाच बघवेना. म्हणाले, “अरे, तो कोट काढ आधी.”

हात सवयीनं गळ्याकडे गेला. हुक निघाला, वरचं बटण निघालं, आणि मी थांबलो. शिंप्यानं रुई इतकी मन लावून भरली होती, की त्या कोटाखाली शर्ट मावतच नव्हता. लोकरीचं आतलं ओलं होऊन खोलीत खुर्चीवर वाळत पडलं होतं. कोटाखाली मी होतो आणि एक बनियन होता. तोही असा, की अकोल्याला आईनं फरशी पुसायला काढून ठेवलेला आणि मी तिच्या नकळत परत बॅगेत टाकलेला. त्याच्या पोटावरच्या भोकातून लिंबू आरपार गेलं असतं.

“नाही सर,” मी म्हणालो.

तिचा हात वाटीवर तसाच राहिला.

“काय म्हणालास?”

“नाही सर. कोट राहू दे.”

“उकडून मरशील.”

“चालेल सर.”

“मी सांगतोय ना, काढ.”

“नाही.”

यात ‘सर’ राहून गेलं, ते घाबरल्यामुळे. साहेब माझ्याकडे बघत राहिले. माझ्या नाकावरचा थेंब पडला, मी तो पुसलासुद्धा नाही, कारण दोन्ही हातांनी कोटाच्या कडा धरून ठेवल्या होत्या. मग माकडटोपीच्या आत हळूहळू काहीतरी पसरायला लागलं. ते हसू आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. मी ते पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

“बघितलंस?” ते काकूंना म्हणाले. “घामानं निथळतोय, पण जागा सोडत नाही. आणि मी इतके महिने काय समजत होतो.” मग ते बराच वेळ, माणूस वरून मऊ असला म्हणजे आतून मऊ असतोच असं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. एका जवानाची गोष्टही सांगितली, तो कडाक्याच्या थंडीत ठाणं सोडून हलला नव्हता. मी गरमीत हललो नव्हतो, एवढाच फरक. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाले, “उद्या सकाळी अकोल्याला फोन लावतो. घरचा नंबर देऊन ठेव.”

“हो सर,” मी म्हणालो, आणि या वेळी ते कुणालाच खटकलं नाही. तिनं टेबलाखाली माझ्या मोजडीवर पाय दाबून धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, की तसं तिनं आधी कधी बघितलं नव्हतं.

काकू मात्र मघापासून माझ्या उघड्या राहिलेल्या वरच्या बटणाकडे बघत होत्या. त्यांनी पापड मोडला, अर्धा माझ्या ताटात टाकला आणि साहेबांना म्हणाल्या, “लावा की फोन. पण कणाबिणा काही नाही हो. आत शर्ट नाहीये त्याच्या.”